गडव्यातला पाऊस

ती घटना आजही आठवते, आणि आजही तिचा राग गेलेला नाही. निवृत्त माणसाने शांतपणे लिहावं म्हणतात. प्रयत्न करतो.

मी मूळचा कोकणातला. आठवीत शाळा सुटली. मावशीचे यजमान बुलडाण्याला एस.टी.त वाहक होते. त्यांच्या घरी राहून काम शोधत होतो, तेव्हा पोलीस भरती निघाली. त्या काळी तेवढ्या शिक्षणावर शिपाई होता यायचं. या जिल्ह्याने मला घेतलं, सहायक फौजदारापर्यंत नेलं, माझी मुलं शिकवली. ते उपकार मी मानतो. पण आठवीची धास्ती शेवटपर्यंत गेली नाही. पंचनामा लिहून झाला की तीनदा वाचायचो. वेळ चुकली, दिशा चुकली, तर वकील कोर्टात सोलून काढेल, ही भीती कायम पोटात असायची. तिचा एक फायदा झाला. दुसऱ्याने लिहिलेलंही मी तीनदा वाचायला लागलो.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्यात होतो. सगळीकडे बीटी कपाशी. इकडे तिला पऱ्हाटी म्हणतात. पहिली काही वर्षं ती चांगली पिकली, मग बोंडअळी पुन्हा आली आणि पावसाचा भरवसाही गेला. त्याच वर्षांत गावागावांत बोलणाऱ्या वस्तू आल्या. विहिरीवरचा पंप घरबसल्या मोबाईलवरून चालू होई. जिनिंगच्या फाटकावरचा कॅमेरा मालक अकोल्यात बसून बघे. एका ट्रॅक्टरच्या चोरीचा तपास मी पंधरा मिनिटांत लावला होता, कारण मालकाने सीटखाली डबी बसवली होती आणि ती डबी ट्रॅक्टर कुठे आहे ते फोनवर सांगत होती. म्हणजे या वस्तूंशी माझं वैर नव्हतं. त्या ट्रॅक्टरबद्दल मला बक्षीसही मिळालं होतं.

आमच्या हद्दीतल्या एका गावात शाळेमागे जाळीच्या कुंपणात असंच एक यंत्र होतं. छातीएवढ्या उंचीवर एक पांढरं नरसाळं, वर सौर पट्टी, आत सिमकार्ड. किती पाऊस पडला, किती तापलं, ते दर थोड्या वेळाने इंटरनेटवरून कुठल्याशा शहरात पाठवायचं. गाव त्याला डब्बा म्हणायचं. पीकविम्याचा सगळा हिशोब त्या डब्ब्यावर होता. सलग ठरलेले दिवस कोरडे गेले तर गावाला भरपाई, मध्ये एक दिवस जरी पाऊस नोंदला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. पऱ्हाटीच्या पात्या, म्हणजे कोवळ्या कळ्या, गळून सऱ्यांत पडल्या. नंतर पाऊस आला, पण वेळ गेली होती. पोळा झाला, आणि मग भरपाईची यादी लागली. शेजारची सगळी गावं त्यात होती. हे एक गाव नव्हतं. कारण ऐन उघाडीत एका सोमवारी डब्ब्याने सव्वीस मिलिमीटर पाऊस नोंदवला होता. गावात त्या दिवशी थेंब पडला नव्हता. पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे तेच सांगत होते.

मग पाणी ओतलं कोणी? कुंपणाची चाबी एकाच माणसाकडे. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी. गाव त्याला पाणीवाला म्हणायचं, मीही तेच म्हणतो. चाळिशीचा, बौद्ध समाजाचा, कमी बोलणारा. विमा कंपनीने चाबी सांभाळायला त्याला नेमलं होतं. एवढ्यावर गावाचा निकाल लागला, की कंपनीने ह्याला फोडला आणि ह्याने डब्ब्यात पाणी घातलं.

खबर दिली एका मुसलमान बांगडीवालीने. ती गावोगाव बांगड्या भरत फिरायची. दुपारी दोनला ठाण्यात तिचा फोन आला.

"जमादारसाब, लवकर या. पाणीवाल्याले पंचायतीच्या खोलीत कोंडून राह्यले. लय गरम हाय गाव."

"तू कुठे आहेस?"

"मी यष्टीत. मले काय, मी बांगड्या भरून निघाली. तुमी या म्हणजे झालं."

स्टेशन डायरीला नोंद केली, दोन शिपाई घेतले आणि गेलो. खोलीबाहेर शे-दीडशे माणूस. सरपंच पायरीवर बसलेले, लोकांना अडवतही नव्हते आणि चढवतही नव्हते. कडी काढून पाणीवाल्याला बाहेर घेतलं तर एकजण ओरडला, "साहेब, गाडीत काऊन बसवता त्याले? आमच्या हवाली करा ना!" दुसरा म्हणाला, "आमच्या पऱ्हाटीवर पाणी नाई पडलं, अन् ह्यानं डब्ब्याले पाजलं!" लोक हसले. अशा वेळी गर्दी हसते, ते मला शिव्यांपेक्षा जास्त भिववतं.

त्याला गाडीत बसवलं, वाटेत पाणी दिलं. तो म्हणाला, "साहेब, नळाची वेळ झाली. चारले पाणी सोडाव लागते." ज्यांनी कोंडलं त्यांच्याच नळाची काळजी.

संध्याकाळच्या आत ठाण्यात दोन अर्ज आले. एक गावाचा, पाणीवाल्याने कंपनीशी संगनमत करून फसवलं, गुन्हा नोंदवा. दुसरा कंपनीच्या तालुका प्रतिनिधीचा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याचं म्हणणं असं, की यंत्र खोटं बोलत नाही, पाऊस पडलाच आहे. आणि गाव म्हणतं तसं कोणी पाणी ओतलं असेल तर ती छेडछाड आहे, चाबीवाल्यावर गुन्हा नोंदवा. दोन्ही अर्ज एकमेकांविरुद्ध, आणि दोघांना माणूस एकच हवा. पाणीवाल्यावर गुन्हा नोंदला असता तर अटक झाली असती, नोकरी गेली असती, आणि त्या गावात त्याचं घर राहिलं नसतं.

ठाणेदार साहेब वयाने माझ्याहून लहान, पण माणूस चांगला. म्हणाले, "मामा, चौकशी तुमच्याकडे. दोन दिवस घ्या. वरून फोन यायला लागतील त्याच्या आत उरका."

मी पाणीवाल्याला समोर बसवला. हात लावायचा प्रश्नच नव्हता. गप्प माणसापुढे आपणही गप्प बसायचं, हे मी फार आधी शिकलो होतो. चहा मागवला. अर्धा तास मी जुने कागद लावत बसलो. शेवटी तोच बोलला.

"चाबी मायापाशीच राह्यते साहेब."

"त्या सोमवारी कुठे होतास?"

"जळगावले. टीसीएल पावडर आणाले. तिथं रजिस्टरले सही हाय मायी."

टीसीएल म्हणजे नळाच्या पाण्यात टाकायची जंतुनाशक पावडर. शिपाई पाठवून रजिस्टर पाहिलं. सकाळी साडेदहाला तिथे पोचल्याची सही, दुपारी दोनला पावडर मिळाल्याची. मी त्याला म्हटलं, "तू गावात नव्हतास. मग चाबी कुठे होती?"

"घरी. खिळ्याले."

"घरी कोण होतं?"

इथे त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "साहेब, मले धरा. लिवा मायं नाव. पण घरी जाऊ नका."

माझ्या अनुभवात असं दोनच माणसं बोलतात. एक, खरा गुन्हेगार, ज्याचा माल घरात आहे. दुसरा, जो कोणाच्या तरी आड उभा आहे. ह्याच्या घरात माल कसला असणार? आड उभा होता, हे उघड होतं. कोणाच्या, ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच घेऊन घटनास्थळ पंचनामा केला. कुलूप शाबूत, जाळी शाबूत. खांबावर पुसट कुंकू. त्याचं मला काही वाटलं नाही. आपल्याकडे नवा ट्रॅक्टर येवो की डीपी बसो, कुंकू लागतंच. नरसाळ्याच्या तळच्या जाळीवर कडुनिंबाची तीन-चार वाळलेली पानं चिकटली होती. आजूबाजूला पाहिलं. शाळेमागे दोन बाभळी, एक बोर. कडुनिंब नाही. लिहून घेतलं, पाकिटात घातली.

मग प्रतिनिधीला म्हटलं, "त्या सोमवारचा पाऊस मिनिटावारी द्या."

"दिवसाची बेरीज दिली ना?"

"बेरीज नको. कधी सुरू झाला, कधी थांबला, ते पाहिजे."

"अहो, तो डेटा सर्व्हरवर असतो. तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

ठाणेदार साहेबांच्या सहीने पत्र पाठवलं. दुपारी पुण्याहून कंपनीच्या एका इंजिनिअर बाईंचा फोन आला. नीट बोलल्या, नीट वाचून दाखवलं. अकरा बावन्नला सुरू. अकरा अठ्ठावन्नला बंद. सव्वीस मिलिमीटर. त्याआधी शून्य, त्यानंतर शून्य.

मी विचारलं, "बाई, हवा किती तापली होती तेव्हा?"

"पस्तीस. आधी पण तेवढीच, नंतर पण तेवढीच."

मी कोकणातला माणूस. माझं सगळं बालपण पावसाखाली गेलं. पाऊस नळासारखा सुरू होत नाही आणि नळासारखा बंद होत नाही. आधी वारा फिरतो, गार होतं, मग शिंतोडे येतात. जातानाही रेंगाळतो. हे मोजणाऱ्या यंत्राजवळ सगळं होतं, तापमानसुद्धा. फक्त ते एकत्र करून वाचायचं कोणी नव्हतं. बेरीज घेतली आणि गाव यादीतून उडवलं.

पण भर दुपारी बाराला पाणी ओतणार कोण? चोरून ओतणारा ती वेळ निवडत नाही. मी बांगडीवालीला फोन लावला. गावात बायकांत काय चाललंय ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

"पोळ्याच्या आधीचा तो सोमवार," मी म्हटलं, "त्या गावात काही होतं का?"

"होतं ना साब. धोंडी होती. मी त्याच दिवशी तिथं होती. कोणी बांगड्या भराले बसेना, साऱ्या बाया धोंडीमांगं."

पाऊस ताणला की या भागात धोंडी काढतात. एका काठीला कडुनिंबाचा पाला बांधून गाणी म्हणत दारोदार जायचं. प्रत्येक घरचे तिच्यावर गडव्याने, म्हणजे तांब्याने, पाणी ओततात. मग गावातल्या एकूण एक देवाला अंघोळ घालायची. मारुती, महादेव, वेशीवरची आई, विहिरीवरच्या आसरा. कोणी सुटता कामा नये. सुटला तो रुसतो.

मी पाकिटातली पानं टेबलावर ओतली. कडुनिंबाचीच. खरं सांगतो, मला आधी हसू आलं, आणि मग लक्षात आलं की आता संशयित म्हणून साऱ्या बाया उभ्या राहतात.

धोंडीची पुढारीण सत्तरीची एक म्हातारी होती. तिच्या ओट्यावर गेलो तेव्हा ती तुरीची डाळ पाखडत होती. सोबत एक महिला शिपाई होती. मी सरळ विचारलं, "माय, धोंडीच्या दिवशी शाळेमागच्या डब्ब्याला पण अंघोळ घातली का?"

"घातली ना बाप्पा." तिने सूप खाली ठेवलं. "पावसाचं त्यालेच तं समजते म्हन्ते. साऱ्या देवाइले न्हाऊ घातलं, अन् त्याले तसंच ठिवाव का? कुकू लावलं, पाच गडवे ओतले. लय तापला होता बिचारा."

"पाणी आत गेलं?"

"डोक्यावर ओतलं तं आंत जाईनच. काऊन?"

तिला खरंच ठाऊक नव्हतं. गावातल्या एकाही बाईला ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, डब्बा आभाळाकडे बघून पाऊस ओळखतो. नरसाळ्यात पडलेलं पाणी मोजतो, एवढी साधी गोष्ट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. यंत्र बसवताना नारळ फोडायला सगळे होते, समजावून सांगायला कोणी नव्हतं. पुरुष आदल्या दिवसापासून कालव्याला पाणी सोडा म्हणून अर्ज घेऊन धरणावर गेलेले, त्यांनी काही पाहिलं नाही. आणि धोंडीचा नि यादीचा काही संबंध असेल, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नाही.

मी समजावून सांगितलं. म्हातारी ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे माया गडव्यानं पाऊस पडला?"

"कागदावर पडला, माय."

"अन् त्या पाणीवाल्याले कोंडलं ते..." तिने पदर तोंडाला लावला. मग उठली. "चाबी त्याच्या बायकोनं देल्ली. म्याच मांगतली. ते म्हने, आमच्यात हे नाई मावशी, पण पाणी तं साऱ्याइलेच पाह्यजे, घ्या. तिचं नाव लिवू नका सायेब. लिवाचं तं मायं लिवा."

पाणीवाला कोणाच्या आड उभा होता, ते कळलं. बायकोने चाबी दिल्याचं त्याला यादी लागल्यावर समजलं होतं. ते सांगितलं तर बायको आणि गावातल्या पन्नास बाया ठाण्यात येतील, म्हणून लोकांनी कोंडलं तरी तो गप्प बसला होता.

आता कायदा सोपा होता. गुन्ह्याला इरादा लागतो. इथे इरादा होता तो फक्त देवाला खूश करण्याचा. पण प्रतिनिधी ऐकेना. म्हणाला, "गोष्टी चांगल्या रचतात हे लोक. पाच गडव्यांनी सव्वीस मिलिमीटर? सिद्ध करा." आणि बायांवरच गुन्हा नोंदवायचा आग्रह धरला.

त्या दिवशी माझी धास्ती तेवढ्यापुरती बाजूला पडली. मी म्हटलं, "करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता कुंपणाजवळ सगळं गाव जमलं. दोन पंच बाहेरगावचे घेतले. आभाळ स्वच्छ, ऊन चटके देणारं. पाणीवाल्याला मी सोबत आणलं होतं. कुलूप त्यानेच उघडलं. म्हातारी तोच पितळी गडवा घेऊन आली होती, मागे साऱ्या बाया. प्रतिनिधी पुढे आला.

"हे बेकायदेशीर आहे! यंत्राला हात लावाल तर मी तुमच्यावर तक्रार करीन."

"करा. माझं नाव, हुद्दा लिहून घ्या. माय, ओता."

म्हातारीने एकामागून एक दोन गडवे ओतले. अर्धं पाणी बाहेरच्या बाजूने सांडलं. मी पुण्याच्या बाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"बाई, तुमच्याकडे आत्ता काय दिसतंय?"

आकडा तिकडे पोचायला थोडा वेळ लागला. मग, "अं... पाऊस दिसतोय साहेब. सात. आता अकरा. चांगला पाऊस आहे तिकडे."

गाव हसायला लागलं. यावेळचं हसणं वेगळं होतं. कोणीतरी म्हणालं, "छत्र्या काढा बे!" मी हात वर करून गप्प केलं.

"बाई, इथे कडक ऊन आहे. दीडशे माणसं साक्षीला उभी आहेत. पाऊस एका म्हातारीच्या गडव्यातला आहे. आज दोन गडवे, त्या सोमवारी पाच. हे लेखी द्याल?"

"देते," बाई म्हणाल्या. त्यांचे आभार मी तेव्हा मानले, आज पुन्हा मानतो.

पंचनाम्यावर सह्या झाल्या. म्हातारीने अंगठा दिला. संध्याकाळी जिल्ह्यातून एका साहेबांचा फोन. "यंत्र तपासणारे तुम्ही कोण? शिक्षण काय तुमचं?"

"आठवी, साहेब," मी म्हटलं. "पण पाऊस ओळखतो."

ठाणेदार साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, "अहवाल माझ्या सहीने जाईल." आणि तसाच गेला. गुन्हा कोणावरही नोंदला नाही. विम्याचा दावा अहवालासकट जिल्हा समितीकडे परत गेला. तीन महिन्यांनी गावाचं नाव यादीत आलं.

पण एक गोष्ट बाकी होती. पाणीवाल्याला कोंडलं, तो गुन्हाच होता. मी त्याला म्हटलं, फिर्याद दे, तुझा हक्क आहे. तो म्हणाला, "लिवून ठिवा. सही कराची का नाई, ते गावात पाहीन."

पुढच्या ग्रामसभेला, मी हजर असताना, तो कागद घेऊन उभा राहिला. सरपंचांनी सगळ्यांदेखत हात जोडले. म्हातारी तर रडलीच. मग सरपंच म्हणाले, "जाऊ दे आता. चाबी घे."

"घेतो," तो म्हणाला. "पण ह्या डब्ब्यानं रोज काय धाडलं ते रोज पंचायतीच्या भिंतीवर लिवलं जाईन. लिवणार मी. नाई तं सही करून हा कागद साहेबापाशी देतो."

पुण्याच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रोजचा आकडा फोनवर मेसेजने येण्याची सोय पहिल्यापासून आहे, कोणी मागितली नव्हती.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? वस्तू बोलायला लागल्या, हरकत नाही. चोरीचा तो ट्रॅक्टर त्यांनीच शोधून दिला. पण बोलणारा प्रत्येकजण साक्षीदार असतो, आणि साक्षीदाराला उलट प्रश्न विचारावे लागतात. कधी पाहिलंस, कुठून पाहिलंस, आणखी काय दिसलं? माणसाचा जबाब आम्ही असा घासून घ्यायचो, आणि डब्ब्याची बेरीज मात्र डोळे मिटून. ज्या गावाच्या पिकाचा निकाल ते यंत्र लावतं, त्या गावाला ते काय बोललं एवढंसुद्धा कळू द्यायचं नाही, हा कुठला न्याय? मला आजही कोणी सांगतं, मशीन खोटं बोलत नाही. मी म्हणतो, बरोबर. त्याला काय विचारलं ते आधी दाखवा.

ग्रामसभा झाल्यावर मी निघालो तेव्हा पाणीवाला खुर्चीवर चढून भिंत काळ्या रंगाने रंगवत होता. रंग उन्हात लगेच वाळला. मग खडूने त्याने दोन रकाने पाडले. एकावर लिहिलं, डब्ब्याचा पाऊस. दुसऱ्यावर, गावाचा पाऊस. दोन्हींत शून्य मांडलं, खाली तारीख घातली, आणि तारखेखाली मोठ्या अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.